उघड्या तोंडाचा गोल

समज, बाळा, तुझ्यासमोर एक मोठा कागद पसरलेला आहे. उद्या सकाळी गावभर वाचलं जाणारं वर्तमानपत्र, पण अजून छापून व्हायचंय. ही त्याची पहिली कच्ची प्रत. शाई इतकी ओली की कोपर टेकलंस तर बाहीवर बातमी उमटेल. तुझ्या हातात लाल पेन्सिल आहे आणि काम एकच, नजर ठेवायची. चूक सापडली की तिच्याभोवती गोल काढायचा आणि गोलाची दोन्ही टोकं नीट जुळवायची. पण कधी कधी चूक आहे की नाही हेच कळत नाही, नुसतं मनात खुट्ट होतं. अशा वेळीही गोल काढायचा, मात्र शेवटी त्याचं तोंड जरासं उघडं ठेवायचं, गव्हाचा दाणा आत जाईल इतकं. शेजारच्या समासात दोन शब्द लिहायचे, आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा. मिटलेला गोल म्हणजे चूक. उघडा गोल म्हणजे शंका. आता अशी कल्पना कर की हे काम तू अडतीस वर्षं केलंस. मग तुझं बोट नुसतं हवेत फिरलं तरी गोल पूर्ण व्हायच्या आत आपोआप थबकेल. आपल्या गोष्टीतल्या आजोबांचं तसंच झालं होतं.

हे आजोबा डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. नर्सनं दोन्ही डोळ्यांत तीन तीन थेंब टाकले होते आणि दटावलं होतं, ‘‘चाळीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, आजोबा. मधेच किलकिले करून बघायचं नाही. तुम्ही दिसता तसले.’’ पापण्यांच्या आत आंबट पिवळा उजेड भरून राहिला होता. घशात औषधाची कडू चव उतरली होती. डाव्या हाताला नात बसलेली. नात सतरा वर्षांची, पण घरात अजून खारूताईच, कारण पुढचे दोन दात आणि एका जागी न टिकणं दोन्ही तिनं लहानपणापासून सांभाळलं होतं. आज मात्र ती टिकून बसली होती. आजोबांना ते जाणवत होतं. बाक हलत नव्हता. थंड लोखंडी बाक, एरवी ती बसली की पाय हलवून हलवून करकरवणारा, आज गप्प होता. ‘‘आज कॉलेज नाही?’’ त्यांनी सकाळी विचारलं होतं. ‘‘सुट्टी आहे,’’ ती म्हणाली होती, आणि त्यांना सोबत आणण्याचं कामही तिनं आपणहून घेतलं होतं. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात, तिला रजा मिळत नाही. तेव्हा आजोबांना बरं वाटलं होतं. नात आपल्याला हाताला धरून नेते आहे, याचं म्हाताऱ्या माणसाला काय वाटतं ते तुला आत्ता कळायचं नाही.

‘‘आजोबा, एक सही करा ना,’’ ती म्हणाली. मांडीवर काहीतरी टणक आलं, वही असावी, आणि वहीवर कागद. बोटांत पेन खोचलं गेलं. ‘‘कसली सही?’’ ‘‘कॉलेजचा फॉर्म आहे. पालकांची लागते. बाराच्या आत द्यायचाय.’’ ‘‘मला दिसत नाही आणि सही कसली मागतेस? डोळे उघडू दे.’’ ‘‘मी दाखवते ना जागा. हे बघा, इथं बोट ठेवा.’’ ‘‘अगं, न वाचता सही मी लग्नाच्या दिवशीसुद्धा केली नव्हती. रजिस्ट्रार कंटाळला, तुझी आजी कंटाळली. दोन चुका सापडल्या होत्या त्या कागदात.’’ हा विनोद घरात शंभरदा झालेला. एरवी ती पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची: ‘आणि तिसरी चूक नवरदेव.’ आज म्हणाली नाही. वही मांडीवरून उचलली गेली. पेन बोटांत तसंच राहिलं.

उजव्या हाताला एक टॅक्सीवाला बसला होता. डोळ्यात कचरा जाऊन जखम झालेली, एका डोळ्यावर पट्टी. हे सगळं त्यानंच कुणी न विचारता सांगितलं होतं. उरलेल्या डोळ्यानं तो मोबाइल बघत होता आणि बघता बघता हसत, चुकचुकत होता. ‘‘हे बघा आजोबा. तीन दिवस झाले, ज्याच्या त्याच्या फोनवर हेच. आजकालच्या पोरी! अभ्यासिका बंद करू नका म्हणून मोर्चा, आणि हातात काय? दगड. अहो, अभ्यासाला दगड लागतो का?’’ आजोबांनी नर्सचं न ऐकता डोळे किलकिले केले. उजेड सुईसारखा आत घुसला. फोन म्हणजे एक चकाकता चौकोन, त्यात काहीतरी करडं, पाणी घातलेल्या रंगासारखं पसरलेलं. माणसं असतील. चेहरे नाहीत, हात नाहीत, काही नाही. फक्त मधोमध एक लाल गोल, जाड, उठून दिसणारा. आणि त्या गोलाचं तोंड खाली डाव्या बाजूला उघडं. गव्हाचा दाणा आत जाईल इतकं.

आपलंच अक्षर दुसऱ्याच्या हातात अचानक दिसावं, तसा तो गोल त्यांनी ओळखला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या पापण्यांच्या आतही गोल तसाच राहिला, आता हिरवा, मग निळा, तरंगत. सोमवारची सकाळ. फिरायला सोबत येणाऱ्या मित्रानं फोटो पाठवला होता, ‘तुमच्या अभ्यासिकेची पोरं’ एवढंच लिहून, जरा कौतुकानंच. अभ्यासिका आजोबांचीच म्हणायची. दर शनिवारी ते तिथं मुलांचा वर्ग घेत. बातमी कशी वाचावी. कोण सांगतंय, केव्हाचं आहे, फोटोच्या कडेला काय कापलंय. पोरं त्यांना ‘तपासनीस’ म्हणत, पाठीमागे आणि मग तोंडावरसुद्धा. एकदा एका चिमुरड्यानं त्यांनाच अडवलं होतं, ‘‘तपासनीस, तुम्ही आत्ता सांगितलंत ते तरी खरं कशावरून?’’ आणि ते घरी येईपर्यंत रस्त्यात एकटेच हसत होते. त्या अभ्यासिकेच्या जागी गाड्या लावायची सोय करायचं ठरलं, तेव्हा हीच पोरं उठली. सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, ज्यांना अजून मताचा हक्कसुद्धा नाही अशा पोरांनी नियमांचं पुस्तक वाचून काढलं आणि नगरसेविकेला कलम दाखवलं. ती मंगळवारी भेटायला तयार झाली होती. सोमवारच्या फोटोत तीच पोरं फाटकासमोर बसलेली होती. सगळ्यांच्या पाठी. आजोबांनी फोटो मोठा करून बघितला, अभिमानानं बघितला, आणि मग मनात खुट्ट झालं. पाठींच्या गर्दीत एक हात वर होता. मुलीचा. हातात काहीतरी काळं, गोल.

खरं सांगायचं तर, बाळा, त्यांना आनंद झाला. वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. कारण नजर अजून शाबूत होती. नोकरी सुटून अकरा वर्षं झाली होती, कुणी एक ओळ तपासायला दिली नव्हती, आणि इथं शंभर जणांना न दिसलेली गोष्ट त्यांना दिसली होती. बोट शिवशिवलं. फोटोवर बोटानं कसं रेघायचं ते खारूनंच मागच्या सुट्टीत शिकवलं होतं. ‘‘हा लाल रंग. आता काढा. अय्या, आजोबा, गोल मिटवा की!’’ ‘‘मिटवायचा नसतो.’’ ‘‘का?’’ ‘‘शंका आहे म्हणून.’’ शंकेचा गोल काढून त्यांनी फोटो इमारतीच्या ग्रुपवर सरकवला. सरकवला, हाच शब्द त्यांच्या मनात होता. आणि मागोमाग दुसऱ्या निरोपात लिहिलं: ‘गोलात पाहावे. हातात दगड तर नाही ना? मूळ फोटो कुणाकडे असल्यास खात्री करावी.’ मग चहा पिऊन झोपले, दुपारी, गाढ. काम केलेल्या माणसाची झोप.

छापखान्यात पुढच्या टेबलावर एक उपसंपादक बसायचा. तिरसट, सदा पोट बिघडलेला. उघडा गोल आला की तो शिव्या घालत फोन उचलायचा. एकदा कारखान्याच्या आगीत मेलेल्यांच्या यादीत आजोबांना एक नाव खटकलं, का ते सांगता आलं नसतं. गोल काढला, कागद सरकवला. उपसंपादकानं तीन ठिकाणी फोन फिरवले, आणि तो माणूस निघाला जिवंत, सासरवाडीला जेवत बसलेला. यादीतून नाव गेलं. पुढे कित्येक वर्षं आजोबा ही गोष्ट पोरांना सांगत: बघा, एका पेन्सिलीनं माणूस वाचवला. पण वाचवलं होतं पुढच्या टेबलानं, हे ते कधी सांगत नसत. त्यांना स्वतःलाही ते आत्ता, या बाकावर, पहिल्यांदा कळत होतं. ग्रुपमध्ये बासष्ट माणसं होती आणि पुढचं टेबल एकही नव्हतं. तिथं समासही नव्हता. फोटो एक निरोप आणि शब्द दुसरा. लोकांनी फोटो उचलला, शब्द तिथंच पडून राहिले. किंवा उचलले ते एवढेच: हातात दगड. दगड हा शब्द तरी पहिल्यांदा कुणी लिहिला? मित्रानं नाही. पोरांनी नाही. त्या फोटोत आधी दगड नव्हताच. शंभर जणांना तो दिसला नव्हता, कारण तो नव्हता.

‘‘कुणी काढलाय तरी हा गोल,’’ टॅक्सीवाला म्हणत होता, ‘‘मानलं पाहिजे. घार आहे घार. नाहीतर कळलं असतं का?’’ आजोबांच्या डाव्या हाताला बाक एकदाच करकरला. तेवढाच. आणि त्या आवाजानं कुठून कोण जाणे आजोबांना आपल्या स्पीकरची आठवण झाली. वाटीएवढा, काळा, गोल, फ्रिजवर असायचा. रोज सकाळी त्यावर ते बातम्या ऐकत. गेले चार दिवस तो सापडत नव्हता. त्यांनी सुनेला विचारलं होतं, पलंगाखाली बघितलं होतं, विसराळूपणाबद्दल स्वतःला बोल लावला होता. सोमवारी सकाळीही तो नव्हता, म्हणून तर बातम्या ऐकण्याऐवजी ते फोन हातात घेऊन बसले होते. मनात एक दार हळूहळू उघडावं तसं झालं, आणि ते आतून दाबून धरायला त्यांची सगळी ताकद लागली.

‘‘खारू.’’

‘‘काय?’’

‘‘माझा स्पीकर कुठाय गं?’’

कुणाचा तरी नंबर पुकारला गेला, चपला फरफटत गेल्या.

‘‘अभ्यासिकेत,’’ ती म्हणाली. ‘‘कुलूप लागलं ना. आत राहिला. आणून देईन.’’

‘‘तू नेला होतास.’’

‘‘विचारणार होते. तुम्ही झोपला होता.’’ मग हळूच, टॅक्सीवाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ‘‘मागं बसलेल्यांना काही ऐकू येत नव्हतं. दुसरीतल्या त्या छोटीनं पत्र लिहिलं होतं, तिला समोर उभं राहून वाचायची लाज वाटत होती, म्हणून आम्ही तिचा आवाज आधीच भरून घेतला होता. तो लावला. मी हात वर करून धरला. दुखायला लागला हात. इतकं लांबलचक लिहिलंय तिनं.’’

नातीची पाठ त्यांना ओळखता आली नव्हती. अडतीस वर्षं परक्यांची नावं तपासणाऱ्या माणसाला. त्यांनी विचारलं, ‘‘तुला केव्हा कळलं?’’ कशाबद्दल ते सांगावं लागलं नाही. ‘‘सोमवारीच. पहिल्यांदा आला तेव्हाच. आजोबा, पहिलीपासून माझ्या वह्यांवर तोच गोल आहे. मला कळणार नाही?’’

‘‘मग बोलली का नाहीस? सांगायचं होतं सगळ्यांना. आजोबांनी काढलाय म्हणून, म्हातारा आहे, त्याला वाटलं म्हणून.’’

‘‘कुणाला सांगू? पोरांना? ती तुम्हाला तपासनीस म्हणतात.’’

मंगळवारी नगरसेविकेनं भेट रद्द केली होती. दगडफेक करणाऱ्यांशी बोलणी नाहीत, तिनं तो फोटो लावूनच जाहीर केलं. दुपारी अभ्यासिकेला कुलूप लागलं. हे आजोबांनी बुधवारी सकाळी ऐकलं आणि हळहळले होते, जेवताना म्हणालेसुद्धा, ‘‘पोरांनी जरा धीर धरायला हवा होता.’’ ती समोर बसून भात चिवडत होती.

‘‘तो कागद कसला आहे?’’

‘‘कॉलेजला कुणीतरी सांगितलं, ती मी म्हणून. माफीनामा आहे. त्यांनीच टाइप करून दिलाय. आज बाराच्या आत माझी आणि पालकांची सही. नाहीतर परीक्षेला बसू देणार नाहीत.’’

‘‘वाच.’’

तिनं वाचलं. सरळ, सपाट आवाजात, ते तिला शिकवत असत तसं, स्वतःचं काही न मिसळता. ‘मी सोमवारी जमावात सामील होऊन हातात दगड घेतला याचा मला पश्चात्ताप होत आहे.’ आणखी दोन ओळी होत्या. त्या वाचून संपल्यावरही कितीतरी वेळ आजोबांच्या कानात पहिलीच घुमत राहिली. आणि मग त्यांना दुसरी गोष्ट कळली, जी पहिलीपेक्षा खोल रुतली. त्यांना वाचता येणार नाही असा दिवस तिनं निवडला होता. थेंब, चाळीस मिनिटं, बोट धरून दाखवलेली जागा. न वाचता त्यांची सही घ्यायची आणि त्यांना आयुष्यभर कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. एवढं प्रेम करायला तिला कुणी शिकवलं? आणि एवढी फसवणूक? दोन्ही त्यांच्याच घरात शिकली असणार.

‘‘माझा फोन काढ. मी सांगतो ते लिही. ग्रुपवर.’’

‘‘राहू दे ना, आजोबा.’’

‘‘लिही म्हणतो ना!’’ आवाज चढला. टॅक्सीवाला बघू लागला असावा. त्यांनी एकेक शब्द सांगितला, स्वल्पविरामासकट: सोमवारच्या फोटोवरील लाल गोल मी काढला. ती माझी शंका होती, आरोप नव्हता. शंका चुकीची होती. त्या मुलीच्या हातात माझा स्पीकर होता. ज्यांनी फोटो पुढे पाठवला त्यांनी हे निवेदनही पाठवावे. शेवटी ‘ती मुलगी माझी नात आहे’ असं ते म्हणाले तेव्हा ती थांबली. ‘‘हे नको. मग म्हणतील नातीला वाचवतोय म्हातारा.’’ त्यांनी विचार केला. तिचं बरोबर होतं. खरं होतं तेच वाक्य काढून टाकावं लागलं. तिनं परत वाचून दाखवलं, काना-मात्रा तपासल्या, आणि पाठवलं.

वाट बघताना फोन तिच्या हातात होता. पहिलं उत्तर आलं: दोन जोडलेले हात. मग कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं, त्यावर शुभ सकाळ. मग ग्रुपचा प्रमुख, तिसऱ्या मजल्यावरचा निवृत्त साहेब: ‘विषय जुना झाला आहे. कृपया ग्रुपवर राजकारण नको.’ ती हे सगळं त्याच सपाट आवाजात वाचत होती. मग ती वाचायची थांबली. ‘‘आणखी?’’ ‘‘पाण्याचा टँकर चारला येणार आहे.’’

आजोबा टॅक्सीवाल्याकडे वळले. निदान एक माणूस समोर होता, हाताच्या अंतरावर. ‘‘अहो, तो गोल मी काढलाय,’’ ते म्हणाले. ‘‘दगड नव्हता तो. स्पीकर होता. माझाच.’’ टॅक्सीवाला समजूतदारपणे, वयाचा मान ठेवून हसला. ‘‘असेल, असेल. तुम्ही डोळ्यांना त्रास देऊ नका, आजोबा. थेंब घातलेत ना.’’ आणि त्याचा नंबर पुकारला गेला तसा तो उठून गेला. चांगला माणूस होता. जाताना त्यानं नर्सला सांगितलं, आजोबांना पाणी द्या.

मग बाकावर दोघंच. आजोबा तोंड उघडून काहीतरी बोलणार होते, क्षमा कर असं काहीतरी; पण तो शब्द आजच दुसऱ्या एका कागदावर टाइप होऊन आलेला होता, आणि त्यांना तो तोंडात घ्यावासा वाटेना. त्यांनी हात पुढे केला. ‘‘दे इकडे तो कागद. मी येतो तुझ्याबरोबर. प्राचार्यांसमोर उभा राहतो. काय होईल ते होईल.’’

‘‘तुम्हाला पायरी दिसत नाहीये,’’ ती म्हणाली. रागानं नाही. वस्तुस्थिती म्हणून.

मग ती म्हणाली, ‘‘आजोबा, पेन्सिल आहे?’’

ती असायचीच. नोकरी सुटून अकरा वर्षं झाली तरी सदऱ्याच्या खिशात लाल पेन्सिलीचं थोटूक असायचंच. त्यांनी ते काढून उजेडाच्या दिशेनं धरलं. तिच्या बोटांनी ते घेतलं. बोटं गार होती. वही पुन्हा मांडीवर आली, या वेळी तिच्या स्वतःच्या. आजोबांनी डोळे उघडले. पिवळा धूर, धुरात तिची वाकलेली मान. काही दिसत नव्हतं, म्हणून ते ऐकत राहिले. कागदावर पेन्सिल टेकल्याचा आवाज आला. कुठल्या शब्दापाशी ते त्यांना न बघताही कळलं. पेन्सिल वळली, खरखरत वर गेली, पलीकडून खाली उतरली. जिथं त्यांचं बोट आयुष्यभर थबकलं होतं त्या ठिकाणी आली, आणि थबकली नाही. पुढे गेली. जिथून निघाली होती तिथं जाऊन टेकली. मग समासात काहीतरी लिहिल्याचा आवाज, दोन शब्दांचा, आणि खाली तिची सही, एका झटक्यात.

आजोबांनी पेन असलेला हात पुढे केला, आपली सही करायला. तो तसाच हवेत राहिला. तिनं कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि पिशवीत टाकला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं असावं, कारण म्हणाली, ‘‘साडेअकरा. तुमचा नंबर आला की आत जा. नर्सला सांगते. आई सुटल्यावर न्यायला येईल.’’ त्यांच्या हातातलं पेन काढून तिनं त्याला टोपण लावलं आणि ते त्यांच्या खिशात खोचलं.

पेन्सिल मात्र तिनं परत दिली नाही.